त्रासाचा रकाना

पौष लागला की मला दोन वास येतात. एक हुरड्याचा. तो या दिवसांत शहरातल्या सगळ्यांनाच येतो. रविवारी गाड्या भरभरून लोक शेतांवर जातात, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसतात आणि घरी बसलेल्यांना फोटो पाठवून जळवतात. दुसरा वास माझ्या एकटीचा आहे. डोळ्यांत चुरचुरणारा उग्र औषधाचा वास आणि त्यात मुरलेलं करडईचं तेल. इतकी वर्षं झाली, मी घरं बदलली, शहराचं नावसुद्धा बदललं, पण थंडीची पहिली शिरशिरी आली की हा वास आपला वेळेवर हजर. मी खिडक्या उघडते. उपयोग होत नाही हे माहीत असतं, तरी उघडते.

यंदा त्याला निमित्तही मिळालं. नातीच्या शाळेतून मोबाइलवर निरोप आला, वर्गातल्या काही मुलींच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत, पालकांनी काळजी घ्यावी. माझ्या मुलीचा जीव नुसता खाली-वर. संध्याकाळी ती एक बाटली घेऊन आली आणि माझ्यापुढं धरून म्हणाली, "आई, तू लग्नाआधी अशीच औषधं तपासायचीस ना? बघ गं, हे चांगलं आहे का." बाटलीवर एक हसरी मुलगी होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सुरक्षित व परिणामकारक. मी चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा माझ्या डोक्यावरच होता.

सुरक्षित व परिणामकारक. हे दोन शब्द एका दमात म्हणतात लोक. त्यांच्यामध्ये एक 'व' आहे आणि त्या 'व'मध्ये एक मुलगी बसलेली आहे, हे मला एकटीला दिसतं. म्हणजे आता अजून एका माणसाला दिसतं, पण त्याविषयी नंतर.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि घरात बसून लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधत होते. एका औषध कंपनीनं उवांवरच्या नव्या औषधाची तपासणी शहरातल्या एका खासगी डॉक्टरांकडे सोपवली होती आणि डॉक्टरांना उवा मोजणारं माणूस हवं होतं. उवा मोजायची नोकरी म्हटल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "एवढं शिकवलं ते यासाठी?" डॉक्टरांनी मात्र माझं शिक्षण विचारलंच नाही. एक पान लिहून दाखवा म्हणाले. अक्षर बघितलं आणि सोमवारपासून या म्हणाले.

अक्षर हा आमच्या घराण्याचा एकमेव दागिना. आजोबा निजामाच्या राजवटीत तहसिलीत कारकून होते. पोलीस ॲक्शन झाली आणि त्यांचं देखणं उर्दू अक्षर बघता बघता निकामी झालं; पुढं मराठीत त्यांना पोराटोरांसारखं गिरवावं लागलं. पण अक्षराची मिजास घरात उरली ती उरलीच. मला शिकवताना ते एकच गोष्ट सांगायचे, "शाई वाळायच्या आत एकदा वाचून बघ." मी कधी वाचून बघितलं नाही. माझ्या हाताला चूक होते हेच मला मान्य नव्हतं.

मुकुंदवाडी तेव्हा धड गाव नव्हती आणि धड शहरही नव्हती. एका बाजूला सिडकोच्या नव्या वसाहती, दुसऱ्या बाजूला ज्वारी. कारखान्याचा भोंगा वाजला की शेतातले पक्षी उडायचे. आता तिथं छोटंसं रेल्वे स्टेशन आहे, दुकानांच्या रांगा आहेत. तेव्हा एक पत्र्याची शाळा होती. तिच्या अंगणात सकाळचं ऊन पडलं की मी सतरंजी अंथरायची, मांडीवर पांढरं फडकं पसरायचं आणि एकेका मुलीला पुढ्यात घ्यायचं. दाट दातांची लाकडी फणी कानामागून फिरवायची, फडक्यावर झाडायची आणि मोजायचं. जिवंत किती, मेलेल्या किती, पिल्लं किती, लिखा किती. वहीत त्यांना ऐसपैस चार रकाने होते. शेवटी पाचवा, त्रासाचा. तो माझ्या करंगळीएवढा अरुंद होता. त्यात एकच शब्द मावायचा आणि डॉक्टरांनी तो आधीच सांगून ठेवला होता, 'नाही'.

खरं सांगायचं तर ते पहिले दिवस मला आवडले. थंडीच्या दिवसांत बायका उन्हाला बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघतात, त्यात किळस कुठं असते? पुढची मान खाली घालून असते, मागची दोन नखांमध्ये टक् करते, आणि तोंडानं सगळ्या गावाची खबर चालू असते. डोकं असं कुणाच्या हाती देणं ही साधी गोष्ट नाही. त्या मुलींनी माझ्या हाती दिलं. काही जणी तर फणी फिरता फिरता झोपायच्या.

वंदी झोपायची नाही. वंदना तिचं नाव, दुसरीत होती, सात वर्षांची. वडील देवगाव रंगारीकडचे, शेती भावांवर सोडून इथं कारखान्यात लागलेले. तिला प्रत्येक ऊ बघायची असायची. "बाई, ही मेली का झोपलीय?" विचारायची. मी मेली म्हटलं की बोटानं ढोसून खात्री करायची. माझ्यापेक्षा चांगली तपासनीस होती ती. कधी कधी तिची आई, कौसाबाई, कडेवर धाकट्या बाळूला घेऊन कुंपणाशी उभी राहायची आणि हसायची. "बगा वो बाई, हिच्या डोक्यातलं मोजून सरंल, पर तोंडातलं सरायचं नाय."

औषध लावायचा दिवस बुधवार ठरला, कारण डॉक्टरांचा दवाखाना बुधवारी बंद असायचा. कंपनीच्या कागदावर स्पष्ट होतं, लावल्यावर दहा मिनिटांनी डोकं स्वच्छ धुवावं. त्या दिवशी टँकर आला नाही. शाळेचं पिंप कोरडं. निम्म्या मुलींना औषध लावून झालं होतं, तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, पाणी नाही." ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "घरी जाऊन धुतील. सांगा त्यांना." मी ओट्यावर उभी राहून मोठ्यानं सांगितलं, घरी गेल्या गेल्या डोकं धुवायचं. सगळ्या मुली एका सुरात "हो बाई" म्हणाल्या. शाळेतल्या मुली कशालाही एका सुरात हो म्हणतात.

आणि मला माहीत होतं. हेच मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. ज्या मुलीला भाऊ आहे तिनं बुधवारी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, भावावर संकट येतं, असं कितीतरी घरांत मानायचे. आमच्याही घरात मानायचे. मला भाऊ नव्हता, त्यामुळे मला बुधवार कधी आड आला नाही. पण मावसबहिणी आल्या की बुधवारी आमची न्हाणी कोरडी असायची, हे बघत मी मोठी झाले होते. खेड्यातून आलेली एखादी बाई काय मानेल ते मला कळायला नको होतं का? आमच्या आईला विचारलं असतं तरी पुरे होतं. पण मी वही घेतली की माझ्या डोक्यातून घर बाहेर जायचं. वहीत वार लिहायला जागा नव्हती. तारीख होती.

गुरुवारी मी मोजायला गेले. उन्हात वंदीला पुढ्यात घेतलं आणि पहिल्याच फणीला तो वास आला. औषध तसंच होतं. त्यावर तेल थापून घट्ट वेण्या घातल्या होत्या. थंडीत खोबरेल थिजतं म्हणून करडईचं.

"वंदे, तू न्हाली नाहीस?"

"काल बुधवार व्हता ना बाई. मला बाळू हाय."

"मग आज सकाळी?"

"माय म्हणली, उंद्या भोगी हाय. उंद्या येकदाच तिळाचं न्हाणं."

मी तिला लगेच उठवायला हवं होतं. शेजारच्या घरून बादलीभर पाणी मागायला हवं होतं. पण माझ्या हातात फणी होती आणि फडक्यावर एकही जिवंत ऊ नव्हती. एकही नाही. आदल्या दिवशी मोजता मोजता माझे डोळे दुखले होते त्या डोक्यात. मी हरखले. आधी आकडा लिहून घेऊ म्हटलं. मी पहिल्या रकान्यात शून्य लिहीत होते तेव्हा माझ्या मांडीवरचं डोकं ताठ झालं. मला वाटलं, मस्करी करतेय. मग तिचे हात-पाय झटके द्यायला लागले, दातखीळ बसली, पांढऱ्या फडक्यावर फेस आला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. सगळ्या गोष्टी मोजणारी मी, तेवढं मोजलं नाही.

डॉक्टर आले तोवर ती शुद्धीवर आली होती आणि भेदरून कौसाबाईला चिकटली होती. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, औषध कालपासून डोक्यात आहे, वर तेल आहे, तेलानं ते कातडीतून आत मुरलं असणार. त्यांनी ऐकलं. मग कौसाबाईकडे वळून अगदी मायेनं विचारलं, "घरात कुणाला फिट येते?"

"नाय जी," कौसाबाई म्हणाली. मग आठवून म्हणाली, "माज्या भावाला ल्हानपणी येकदा आलती. तापात."

"झालं तर," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "लिहा. फेफऱ्याचा आजार, घराण्यातला, आधीपासूनचा. यादीतून वगळावे."

मला कुणी धमकावलं नाही. नोकरी जाईल असंही कुणी म्हणालं नाही. लोकांना वाटतं, माणूस असं काही करतो ते भीतीपोटी किंवा लोभापोटी. मी लिहिलं कारण मला लिहा म्हटलं होतं आणि माझ्या हातात पेन होतं. त्रासाच्या रकान्यात ते मावेना, म्हणून मी तिच्या नावावरून आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं. मग डॉक्टरांच्या छापील कागदावर तेच पुन्हा लिहिलं, एक शाळेसाठी, एक कौसाबाईसाठी. खाली रोज घ्यायच्या गोळीचं नाव. त्यांनी सही केली. कौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट करून बघितला आणि हळूच मला विचारलं, "माज्या भावाचं आलं का वो बाई लेकराला?"

मी म्हणाले, "असेल."

डॉक्टरांनी सांगितलेलं मी नुसतं लिहून तरी घेतलं होतं. हे 'असेल' माझं स्वतःचं होतं.

संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आमच्या घरापर्यंत चालत आली. आईनं तिला ओसरीवर बसवलं. "पोरीच्या डोक्यात येक ऊ नाय राहिली बगा," ती आईला कौतुकानं सांगत होती. "तुमच्या लेकीचा हात लई गुणाचा." मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. आईनं दोनदा हाक मारली. मी गेले नाही. नंतर आई म्हणाली, बाई भली दिसते, तू एवढी शिष्ट कधी झालीस?

अहवालाची स्वच्छ प्रत मीच काढली. पानामागून पान सुंदर अक्षर. त्रासाचा रकाना वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही'. इतकं एकसारखं लिहिलंय की नजर अडखळतच नाही. ते औषध पुढं विकलं गेलं की नाही मला माहीत नाही. दुकानात विचारायचं धाडस झालं नाही. मी ती नोकरी उन्हाळ्यात सोडली, लग्न केलं, शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांना सांगत राहिले, निरीक्षण जसं असेल तसं लिहावं. एकदाही माझी जीभ अडखळली नाही, याचं मला आता नवल वाटतं.

तर ती बाटली. ती तीन दिवस आमच्या फ्रिजवर उभी होती. मी नातीला गॅलरीत उन्हाला घेऊन बसले आणि नुसत्या फणीनं तिचं डोकं विंचरलं, रोज तासभर. ती कंटाळली, रडली, मुलगी चिडली. "आई, अगं औषध आणलंय ना? कुठल्या काळात आहेस तू?" मी काय सांगणार तिला? ते औषध चांगलंही असेल. कुणीतरी प्रामाणिकपणे तपासलंही असेल. पण मला ते वाचता येत नाही. मला त्या बाटलीच्या मागं फक्त एक अरुंद रकाना दिसतो आणि तो भरणारी एक हुशार मुलगी.

भोगीच्या दिवशी मी मुकुंदवाडीला गेले. का गेले? मन हलकं करायला, दुसरं काय. इतक्या वर्षांनीही मी माझ्याचसाठी गेले. विचारत गेले, गल्ली सापडायला वेळ लागला नाही. बाळूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, धट्टाकट्टा गृहस्थ झालाय, त्यानंच घर दाखवलं. वर गच्चीवर एक बाई ओले केस उन्हात मोकळे सोडून बसली होती. केस निम्मे पांढरे. शेजारी म्हातारी कौसाबाई तीळ पाखडत होती. मी नाव सांगितलं तशी ती सूप टाकून उठली. "अगं बाई, उवावाल्या बाई. वंदे, उवावाल्या बाई आल्या."

ती माझ्यासाठी चटई अंथरायला लागली आणि मला सगळं सांगत सुटली. मला बसवत नव्हतं. शाळेनं कागद वाचला आणि म्हटलं, पोरीला वर्गात काही झालं तर जबाबदार कोण, तिला घरीच ठेवा. म्हणून दुसरीतच शाळा सुटली. देवगावकडून दोन स्थळं आली होती, पण कुणीतरी फिटचं सांगितलं आणि परत फिरली. चुलीपाशी एकटीला बसू दिलं नाही, आडावर पाठवलं नाही, रस्ता एकटीनं ओलांडू दिला नाही. मधे एका डॉक्टरनं गोळी कमी करून बघू म्हटलं, तर कौसाबाईनं कागद दाखवला. घराण्यातलं आहे म्हटल्यावर तोही गप्प बसला. मग ती आत जाऊन तो कागद घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. माझं अक्षर. काय देखणं अक्षर होतं माझं.

"पुन्हा कधी आली?" मी विचारलं.

"नाय. येकदाच, तुमच्या म्होरं. गोळीनं दाबून धरलीय."

ती चहा टाकायला खाली गेली आणि मी वंदीला सांगितलं. बुधवार, औषध, तेल, रेघ, कागद. ती काही तुटलेली, भोळी बाई नव्हती. तिचे डोळे तसेच होते, ऊ मेली का झोपली ते ढोसून बघणारे. केसांतून बोटं फिरवत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मला कायच नव्हतं?"

"नव्हतं. मी खोटं लिहिलं. चूक माझी आहे, वंदना. चांगल्या डॉक्टरला दाखवू, गोळी हळूहळू बंद करता येईल. मी येते बरोबर."

खाली बाळू गिऱ्हाईकाशी हसून बोलत होता, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिशी मी रडलते बाई. डोस्कं जळतंय म्हणलं, धुऊन दे. माय म्हणली, बाळूसाठी येक दिस कळ काढ."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला, रागानं नाही, नुसता काढून घेतला.

"मायला सांगू नका," ती म्हणाली. "तिला वाटतं तिच्या भावाचं आलं. तेवढंच बरं हाय. तिनंच धुऊ दिलं नाय, आसं कळलं तर मरंल ती."

"आणि तू?"

जिन्यात पावलं वाजली. कौसाबाई एका हातात चहाचे कप घेऊन वर आली. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. तिनं ती वंदीपुढं उघडली. तळव्यावर पांढरी गोळी होती. वंदीनं ती उचलली, जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता शेजारच्या तांब्यातल्या पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. कौसाबाईनं माझ्या हातात कप दिला आणि समाधानानं म्हणाली, "तुमी लिहून दिलं तवापासून येक दिस चुकली नाय बगा."